आढळून येत नाही

लेकीच्या पडताळणीला हवा होता
सदुसष्टच्या आधीचा कागद.
एकच. कसलाही. फक्त त्यावर आमचं नाव हवं.

महापालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीत
हणमशेट्टी म्हणून क्लार्क,
चष्म्याची काडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली.
म्हणाला, ती पुस्तकं आधी भिजली,
मग वाळवी लागली,
मग कुणीतरी वैतागून जाळली.
कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, विचारलं,
तर म्हणाला, काय गेलं त्याची यादी
त्यातच होती की हो.

गिरणीत गेलो. म्हणजे गिरणी होती तिथं.
धुराडं तेवढं उभं आहे,
त्याच्या सावलीत एकजण हेल्मेटं विकतो.
मस्टर रद्दीत गेली, किलोवर.
विजापूर वेशीतल्या गफूरचाचांनी उचलली होती,
आता त्यांना नीट दिसत नाही, पण आठवतं :
कागद चांगला होता बेटा, जाडजूड.
पुडी फाटायची नाही.

तेव्हा मी चौथीत असेन.
म्हणजे शाळेसमोर भाजक्या शेंगा खाताना
मी पणजोबाची हजेरी उलगडून,
तळाचं मीठ चाटून,
चुरगाळून गटारीत टाकली असेल.
रात्रपाळी. दंड दोन आणे. अंगठा.

देवळात वर्गणीची एक जुनी वही निघाली,
तीत एक नरसय्या. पुढं : सहा आणे.
आडनाव नाही.
साखर पेठेत उभं राहून नरसय्या म्हणून हाक मारली
तर आजही तीन दारं उघडतील,
आणि चौथा माडीवरून विचारेल, कोण?

शेवटी चिन्नम्मा आत्याकडं, विडी घरकुलात.
सूप मांडीवर, बोटं चालूच.
साल विचारू नको, म्हणाली,
साल काय खायचंय?
प्लेगनंतर आला तो, बापाच्या मागं चालत,
डोक्यावर मागाची फणी, फडक्यात गुंडाळलेली.
कडक भाकरी त्याला आवडायची नाही, भात मागायचा,
भात नव्हता.
जॉबरशी भांडला तेव्हा तेलुगूत शिव्या दिल्या,
जॉबर कानडी, त्याला वाटलं आशीर्वाद देतोय.
हसली ती, आणि एक विडी बिघडली. उसवून पुन्हा वळली.
तुटलेला धागा म्हणे तो डाव्या हातानं जोडायचा,
गाठ शोधून सापडायची नाही.

मी लेकीकडं बघितलं.
ती उजव्याच हातानं भजी खात होती.

दोन महिन्यांनी हणमशेट्टीनं दाखला दिला.
गोल शिक्का, जावक क्रमांक, सगळं रीतसर :
नरसय्या मल्लय्या इराबत्ती
व त्यांची पत्नी राजवा
यांची नोंद या कार्यालयाच्या दप्तरी
आढळून येत नाही.

पडताळणीला हा चालत नाही, मला माहीत होतं.
तरी बसस्टॉपवर उभ्या उभ्या तीनदा वाचला.
ती मस्टरवर कधी नव्हतीच.
घरी कांड्या भरायची, नवऱ्याच्या हिशोबात.
वर्गणी तिच्या नावानं नाही,
खोली नाही, रेशनकार्ड यायच्या आधीच गेली.
सरकारनं तिचं नाव पहिल्यांदा लिहिलं
ते ती नाही हे सांगायला.
आणि तेही चुकवलं.

परत गेलो. म्हटलं, राजव्वा आहे ते. राजवा नाही.
हणमशेट्टी बघत राहिला.
जे आढळतच नाही
त्यात दुरुस्ती कसली करायची, साहेब?
मी काही बोललो नाही. खिडकीतून हललोही नाही.
मागं रांगेत कुणाचं तरी बाळ रडत होतं,
नवंकोरं, आजच नोंदायचं.

कॉम्प्युटरवर जोडाक्षर त्याला उमटेना,
दोनदा प्रिंट काढली, दोनदा फाडली.
मग चष्मा सावरत
त्यानं खिशातलं पेन काढलं,
ज आणि वा यांच्या फटीत
जपून एक अर्धा व बसवला,
आणि बाजूला, नियमाप्रमाणं,
बारीक सही केली.